सही आणि निर्णय : वाशिम जिल्ह्यातील गावे, गट आणि घरे

ग्रामीण समाजाविषयी लिहिताना गाव हेच एकक धरण्याची रीत रूढ आहे. जनगणना गावाची होते, योजना गावासाठी मंजूर होतात आणि पुरस्कारही गावालाच मिळतात. वाशिम जिल्ह्यात महिला बचतगट बांधण्याचे काम वर्षानुवर्षे करणाऱ्या सहयोगिनींना, म्हणजे गावोगाव फिरून गट उभे करणाऱ्या, त्यांचे हिशेब तपासणाऱ्या आणि बँकेशी त्यांची गाठ घालून देणाऱ्या मानधनावरील कार्यकर्त्यांना, हे एकक लवकरच अपुरे वाटू लागते, कारण ज्या स्त्रियांसाठी काम करायचे त्यांच्या आयुष्यातील जवळजवळ प्रत्येक निर्णय ओसरीवर आणि चुलीपाशी होत असतो. प्रस्तुत लेखन त्याच कामातून आलेले आहे. गेल्या दोन-तीन दशकांत ग्रामीण स्त्रीची सही गटाच्या नोंदवहीवर आली, बँकेच्या कागदांवर आली, ग्रामसभेच्या ठरावावरही आली. परंतु सही ज्या वेगाने आली त्या वेगाने निर्णय तिच्या हाती आला नाही, आणि या दोहोंमधले अंतर ज्या घरांत कमी झाले ती घरे कशी होती हे पाहत राहणे, हेच या कामातले मोठे शिक्षण ठरले.

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पण आजचा जिल्हा नवा आहे. इंग्रजी अमदानीतला वाशिम जिल्हा १९०५ मध्ये मोडून अकोला व यवतमाळ जिल्ह्यांत विभागला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे सहा तालुके घेऊन तो पुन्हा वेगळा निघाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती आणि त्यातले ८० टक्क्यांहून अधिक लोक खेड्यांत राहणारे होते. २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली त्यांत वाशिम होता, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत, म्हणजे विकासाच्या निर्देशांकांत मागे राहिल्यामुळे विशेष लक्ष देण्याचे ठरलेल्या जिल्ह्यांतही, तो होता.

शेती बहुतांशी पावसावरची आहे. कपाशी आणि ज्वारीची बरीच जागा सोयाबीनने घेतली, ही गोष्ट कृषिविषयक लेखनात पीकपद्धतीतील बदल म्हणून नोंदवली जाते. घराच्या आतून पाहिले तर तिचा अर्थ आणखी खोल जातो. ज्वारी घरात येई तेव्हा ती कणगीत भरली जाई आणि कणगीवर हात घरातल्या वडील बाईचा असे. दळणाला किती काढायचे, मजुरीपोटी कोणाला किती द्यायचे, लेकीच्या घरी किती पाठवायचे हे ती ठरवी. सोयाबीन घरात राहतच नाही. ते मळणीयंत्रातून पोत्यांत, पोत्यांतून आडत्याकडे जाते आणि त्याचे पैसे ज्याच्या नावावर वावर आहे त्याच्या हाती पडतात. कपाशीची वेचणी दोन-तीन महिने बायकांच्या हाताला काम देई, तर सोयाबीनची सोंगणी उक्ती दिली जाते आणि पंधरवड्यात आटोपते. बचतगटांचा प्रसार या भागात झाला तो नेमका या काळात, स्त्रीचा घरातल्या धान्यावरचा अधिकार आणि वावरातला रोज दोन्ही आटत असताना, आणि दर महिन्याला काही रक्कम आपल्या नावावर पडावी ही ओढ एवढी का होती याचे उत्तर प्रचारसभांपेक्षा या रिकाम्या कणगीत अधिक सापडते.

गावाची रचना वस्तीने ठरलेली असते. मधोमध मारुतीचा पार आणि जुन्या पटेलांचे वाडे, भोवती शेतकरी जातींच्या गल्ल्या, बलुतेदारांची, म्हणजे पिढीजात कसबाच्या बदल्यात धान्य घेऊन गावाची कामे करणाऱ्यांची घरे त्यांना लागून, आणि गावाच्या एका अंगाला बौद्ध वस्ती, जिथे १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर विहार हे पूजेचे, अभ्यासाचे आणि बैठकीचे ठिकाण बनले. आंध या आदिवासी समाजाची घरे काही गावांत वेगळ्या टोकाला, तर बंजारा समाजाचा तांडा बहुधा गावापासून हटून, माळावर किंवा डोंगराच्या पायथ्याशी. बलुत्याचे व्यवहार संपले, पण घरांच्या जागा हलल्या नाहीत, आणि गट ज्या शेजारावर उभे राहतात तो शेजार याच जागांनी ठरवलेला असतो. त्यामुळे दहा ते वीस बायकांचा गट बहुतेक वेळा एका गल्लीचा, म्हणून एका जातीचा, आणि कित्येकदा एकाच भावकीचा होतो. परस्परविश्वास हे गटाचे भांडवल आहे असे प्रशिक्षणात शिकवले जाते आणि ते खरेही आहे. मात्र हा विश्वास नात्याच्या आणि जातीच्या रेषेवरच आधी थांबतो, हे त्या प्रशिक्षणात कोणी सांगत नाही. पुढे गावातील सर्व गटांचा मिळून ग्रामसंघ होतो तेव्हा वेगवेगळ्या वस्त्यांतल्या बायका पहिल्यांदा एका सतरंजीवर बसतात, आणि बैठक कोठे घ्यायची हा प्रश्न तेथे विषयपत्रिकेतल्या सर्व प्रश्नांपेक्षा अवघड ठरतो. विहारात बैठक ठेवली की काही घरांतून निरोप येतात की आज पाहुणे आहेत, आज उपास आहे. शाळेच्या खोलीत ठेवली की सगळ्या येतात. अनेक ग्रामसंघांनी शाळेचा मार्ग धरला. मोजक्या गावांत पाळीपाळीने प्रत्येक वस्तीत बैठक घेण्याचा ठराव झाला आणि तेथील चहा सर्वांनी घेतला. या गावांचे ग्रामसंघ पुढे पाणीपुरवठ्याच्या आणि रेशनच्या प्रश्नावर एकजुटीने उभे राहिले, आणि तो योगायोग होता असे मानण्याचे कारण नाही.

गटांची चौकट आता सर्वपरिचित आहे. नाबार्डने १९९२ मध्ये स्वयंसहाय्य गट आणि बँक यांना जोडण्याचा प्रायोगिक उपक्रम सुरू केला. महाराष्ट्रात १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने, म्हणजे माविमने, २००७ पासून आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या साहाय्याने तेजस्विनी कार्यक्रम राबवला आणि त्यातून लोकसंचालित साधन केंद्रे, म्हणजे गटांच्या बायकांनीच चालवायची तालुका-परिसरातली सेवाकेंद्रे, उभी राहिली. २०११ नंतर ग्रामीण जीवनोन्नती अभियान, ज्याला लोक उमेद म्हणून ओळखतात, गावोगाव आले. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि हिशेबाच्या अद्ययावत नोंदी ही पंचसूत्री प्रत्येक गटाला तोंडपाठ असते.

पंचसूत्री प्रत्यक्षात कशी चालते हे एका बैठकीवरून दिसते. रात्रीच्या भाकरी थापून झाल्यावर, पुरुष जेवून उठल्यावर, बायका एकीच्या ओसरीवर जमतात. पत्र्याची पेटी एकीच्या घरून येते आणि तिची किल्ली दुसरीच्या पदराला असते, ही काळजी गटाने पहिल्यापासून घेतलेली असते. नाव पुकारले की शंभराची नोट पुढे येते, सचिव ती नोंदवते, ज्यांना लिहिता येते त्या सही करतात आणि म्हाताऱ्या बायका अंगठा शाईच्या डबीत बुडवतात. हिशेब वाचणारी सून मोठ्याने आकडे वाचत असताना ओट्यासमोरून भासरा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ, गेला की तिचा पदर डोक्यावर येतो, आवाज खाली जातो आणि तो वळणाआड होईपर्यंत सगळ्या बैठकीचे आकडे थांबतात. मग ती पुन्हा वाचू लागते. हेच दृश्य वर्षानुवर्षे पाहिलेल्याला एक बदल जाणवतो: पदर अजूनही वर जातो, पण वाचन थांबत नाही. हा बदल कोणत्याही अहवालाच्या रकान्यात बसत नाही, तरी गटांनी काय केले याचा यापेक्षा खात्रीचा पुरावा प्रस्तुत लेखिकेच्या पाहण्यात नाही.

कर्जाच्या बाबतीत कागद आणि व्यवहार यांत अंतर राहिले, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मागणी अर्जात शेळीपालन, पापड-मसाला किंवा शिलाई मशीन लिहिलेले असे आणि पैसा पेरणीच्या आठवड्यात बियाण्याच्या आणि डीएपी खताच्या पोत्यांवर, किंवा दवाखान्यावर, किंवा मुलाच्या वसतिगृहाच्या शुल्कावर जाई. वरून तपासणीला येणाऱ्यांना हा नियमभंग वाटे. घराच्या बाजूने पाहता त्यात गैर काही नव्हते, कारण खाजगी सावकाराचा शेकडा पाच किंवा त्याहून जास्त मासिक दर आणि गटाचा शेकडा दोन यांतला फरकच त्या घराचा नफा होता. खरी अडचण फेडीची होती. कर्ज घराचे होई आणि फेड बाईची राही. नवऱ्याने वापरलेल्या रकमेचा हप्ता ती निंदणाच्या रोजातून भरी, आणि गटात तिची पत टिकावी म्हणून दुकानदाराकडे उधारी करी. कर्ज किती घ्यायचे असे विचारले की नव्या सभासदांचे उत्तर ठरलेले असे, "मालकाले इचारून सांगतो." जुन्या गटांतल्या काही बायकांनी यावर आपणच तोड काढली: ज्या कामासाठी रक्कम घ्यायची ते काम आणि फेड कोण करणार हे नवऱ्याने बैठकीत येऊन सर्वांसमोर सांगायचे. एकांतात नाकारता येणारी जबाबदारी दहा घरांसमोर नाकारता येत नाही, हे त्यांनी नेमके ओळखले होते. पुढे खाजगी सूक्ष्म वित्त कंपन्या, ज्यांना गावात सरसकट फायनान्सवाले म्हणतात, साप्ताहिक हप्त्यांचे कर्ज घेऊन त्याच बायकांच्या दारात आल्या. गटाने निर्माण केलेली पत आणि शिस्त त्यांना आयती मिळाली आणि एका घरावर तीन-तीन कर्जे चढली. सोयाबीन हातचे गेलेल्या वर्षी जे गट मोडले ते बहुतेक याच ओझ्याने मोडले.

कुटुंबाला वगळून स्त्रीचे सबलीकरण करता येते हा समज या कामात टिकत नाही. सुरुवातीच्या काळात सुनांना थेट बोलावले जाई, आणि सासवा दारातच आडव्या येत. बैठकीला जायचे म्हणजे घरातल्या गोष्टी चारचौघींत नेणे, असा त्यांचा अर्थ असे. जेथे सासूला आधी सभासद करून घेतले गेले आणि वयामुळे तिने पुढे आपली जागा सुनेला दिली, तेथे गट अधिक टिकले, जरी पहिली काही वर्षे पैसा सुनेच्या नावावर आणि शब्द सासूचा अशी स्थिती राहिली. चूल वेगळी झाल्यावर, म्हणजे एकत्र कुटुंबातून धाकटे जोडपे स्वतंत्र राहू लागल्यावर, सुनेला पैशाच्या व्यवहारात मोकळीक मिळते हे खरे. पण त्याच वेळी तान्हे मूल सांभाळणारे माणूस घरात राहत नाही आणि तिची बैठक चुकू लागते. एकत्र घर म्हणजे जाच आणि विभक्त घर म्हणजे मोकळीक ही मांडणी वाचायला सोपी आहे. प्रत्यक्षात प्रत्येक सून या दोहोंची वजाबाकी स्वतः करीत असते.

पंचायतीच्या बाबतीत कायद्याने मोठी उडी घेतली. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू होऊन एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. सरपंचपती, म्हणजे सरपंच पत्नीच्या जागी कारभार करणारा नवरा, हा प्रकार त्याबरोबरच आला आणि अद्याप गेलेला नाही. अलीकडे ग्रामपंचायतीची देयके सरपंच व ग्रामसेवक यांच्या डिजिटल स्वाक्षरीने निघतात. ही स्वाक्षरी ज्या छोट्या डोंगलमध्ये साठवलेली असते ते डोंगल कित्येक ठिकाणी नवऱ्याच्या खिशात असते, म्हणजे पूर्वी निदान बाईकडून सही करून घ्यावी लागे, आता तेवढ्यासाठीही तिला बोलवावे लागत नाही. याच्या उलट उदाहरणेही आहेत आणि ती बहुधा गटातून वर आलेल्या सरपंचांची आहेत. अशाच एका सरपंच बाईने ग्रामसभेआधीची महिला सभा, जी अनेक गावांत केवळ कागदावर होते, नेमाने भरवली, गटांच्या बायकांकडून पांदण रस्त्याचा आणि अंगणवाडीच्या खोलीचा ठराव तेथे मंजूर करून घेतला आणि मग तो ग्रामसभेत मांडला. समोर साठ-सत्तर बायका बसलेल्या असताना तिच्या नवऱ्याला तिच्या वतीने बोलण्याची गरज उरली नाही. सभा संपल्यावर तिने डोंगल मागून घेतले.

या जिल्ह्यात काम करणाऱ्याला शेतकरी आत्महत्येचे घर टाळता येत नाही. जानेवारी २००६ च्या शासन निर्णयानुसार अशा कुटुंबाला एक लाख रुपयांचे साहाय्य ठरले, त्यातील तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेवीच्या रूपात. परंतु शेती, मान्यताप्राप्त संस्थेचे कर्ज आणि वसुलीचा तगादा या निकषांवर प्रकरण पात्र किंवा अपात्र ठरते, आणि विनापरवाना सावकाराचे कर्ज कोणत्याच कागदावर नसल्यामुळे मृत्यूचे खरे कारणच तेथे कमी पडते. त्यानंतर जमिनीचा प्रश्न येतो. सातबारा, म्हणजे जमिनीच्या मालकीचा आणि पिकांचा उतारा, अजून सासऱ्याच्या नावावर असतो, वाटणी तोंडी झालेली असते, आणि तिशीतली विधवा दोन मुले घेऊन दिराच्या मर्जीवर वावर कसते. गटाच्या बायका तिला घेऊन तलाठ्याकडे गेल्या, वारस नोंदीचा अर्ज लिहून दिला, फेरफाराची, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीची, तारीख लक्षात ठेवून पुन्हा गेल्या. एकटी बाई गेली असती तर दिराचा निरोप आधीच पोचला असता, पण पाच-सहा जणी गेल्यावर काम सरकले. यापेक्षाही कठीण काम गावातच होते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अशा सभासदेला बोलवायचे की नाही यावर एका गावातला गट जवळजवळ फुटला; शेवटी तिलाच वाण वाटायला बसवायचे ठरले, चार वयस्क बायका त्या वर्षी आल्या नाहीत, पुढच्या वर्षी त्यांतल्या तिघी आल्या. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला आणि राज्य शासनाने इतर गावांना तसे करण्याचे आवाहन केले, त्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट आहे, आणि तिची कोठे नोंद नाही.

तांड्याची रचना निराळी आहे. नाईक आणि कारभारी यांच्या नेतृत्वाखालची जुनी न्यायव्यवस्था, पोहरादेवी या बंजारा तीर्थस्थानी रामनवमीस जमणारा समाज, घरात बोलली जाणारी स्वतंत्र बोली, यांमुळे तांडा आतून घट्ट बांधलेला असतो. दिवाळीनंतर मात्र तो अर्धा रिकामा होतो. ऊसतोड, वीटभट्टी आणि शहरांतली बांधकामे यांच्या वाटेने जोडपी जातात, ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो आणि त्याची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, मजूर नेणारा मुकादम नवऱ्याच्या हाती देतो. नियमित बैठक आणि नियमित बचत ही सूत्रे येथे लागू पडत नाहीत. तांड्यातल्या बायकांनी जाण्यापूर्वीच पाच-सहा महिन्यांची बचत एकरकमी भरण्याची पद्धत पाडली आणि नातवंडे घेऊन मागे राहिलेल्या आज्यांकडे नोंदवही सोपवली. वरिष्ठ कार्यालयाच्या तक्त्यात हे गट कितीतरी दिवस अनियमित म्हणून लाल शाईत राहिले, वास्तविक व्यवहाराची काटेकोर जाण त्यांच्याकडेच अधिक होती.

घर आणि जमीन यांतला भेद शेवटपर्यंत टिकून राहिला. २००३ च्या शासन निर्णयानंतर ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत घर पतिपत्नी दोघांच्या नावे लावण्यास पुरुषांची फारशी हरकत आली नाही. गटांच्या आग्रहाने कित्येक गावांत हे काम एकेका मोहिमेत झाले. वावराचा विषय निघाला की तीच माणसे गप्प होत. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालवली, बायकोच्या नावे जमीन करून देणाऱ्या पुरुषांच्या गावांचा गौरव केला, आणि १९९२ मध्ये शासनाने त्याच नावाची योजना आणून पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. तरीही अर्ज नवऱ्याने करायचा असल्यामुळे गटाच्या हाती विनंतीपलीकडे काही राहत नाही.

मुलींच्या हिश्शाची गोष्ट याहून अवघड आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वारसा कायदा बदलून मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. प्रत्यक्षात वडील गेल्यावर बहिणी तालुक्याला येतात, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्रावर, म्हणजे आपला हिस्सा भावाच्या लाभात सोडल्याच्या दस्तावर, सह्या करतात आणि भावाने घेतलेली साडी नेसून परत जातात. या बहिणींमध्ये ग्रामसंघाच्या अध्यक्षा असतात, हिशेबात निष्णात सचिव असतात, इतरांना हाच कायदा समजावून सांगणाऱ्याही असतात. त्यांना विचारले तर त्या स्वच्छ उत्तर देतात: नवऱ्याने टाकले, आजारपण आले, बाळंतपण आले तर जायला माहेर हवे, आणि हिस्सा मागितला की ते दार बंद होते. हा हिशेब चुकीचा आहे असे त्यांना सांगणे सोपे नाही, कारण माहेराच्या जागी उभे राहील असे दुसरे काही गावात अजून नाही. गट कर्ज देतो, सोबत देतो, तालुक्यापर्यंत चालत येतो, पण बाळंतिणीला चाळीस दिवस ठेवून घेत नाही. अलीकडे काही घरांत एक मधली वाट दिसू लागली आहे. बहिणी सही लांबणीवर टाकतात. हिस्सा मागत नाहीत आणि सोडतही नाहीत, वारस म्हणून सातबाऱ्यावर नाव तसेच राहू देतात, भाऊ जमीन कसत राहतो. त्यातल्या एकीच्या भावाने वावर विकायला काढले तेव्हा खरेदीदार आधी तिच्या दारात आला, आणि तिने विक्रीला नकार दिला.